कोटाची नोंद आणि अपुरे नाटक : जर्मन साहित्याचा इतिहास विद्यापीठात शिकणे म्हणजे काय?

१२ नोव्हेंबर १२०३ रोजी पासाऊचा बिशप वोल्फगर प्रवासात होता आणि व्हिएन्नाजवळच्या त्साइझेलमाउअर या गावी त्याचा मुक्काम होता. त्या दिवशीच्या खर्चात त्याच्या कारकुनाने लॅटिनमध्ये एक ओळ टिपून ठेवली : गवई वाल्टर फॉन डेर फोगेलवाइडे यास फरच्या कोटासाठी ५ सोलिडी (तेव्हाचे चलन) दिले. थंडी तोंडावर आलेली, गवयाला उबदार कपडा हवा होता आणि आश्रयदात्याने तो दिला, एवढीच ती हकीकत. पण मध्ययुगीन जर्मन भावकवितेत ज्याला अग्रपूजेचा मान दिला जातो, तो हा कवी खरोखर होऊन गेला याचा साहित्याबाहेरचा समकालीन पुरावा म्हणून आज ही एकच ओळ हाती आहे. त्याचा जन्म कुठे झाला, तो कोणत्या दरबारात किती वर्षे राहिला, हे सारे त्याच्या कवितांवरून आणि इतर कवींनी केलेल्या उल्लेखांवरून काढलेले अनुमान आहे. आणि कवितेतला ‘मी’ म्हणजे खुद्द कवीच असे धरून चालता येईल का, हा पुन्हा निराळा प्रश्न.

साहित्याचा इतिहास शिकणे म्हणजे लेखकांची नावे, ग्रंथांची नावे आणि साले पाठ करणे, अशी पुष्कळांची समजूत असते. थोडे पाठांतर लागतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु विद्यापीठातला अभ्यास प्रामुख्याने त्या खर्चाच्या ओळीसारख्या गोष्टींभोवती फिरतो : आपल्याला जे ठाऊक आहे ते कोणत्या कागदावरून ठाऊक आहे, तो कागद कोणी जपला, कोणी वाचला, आणि अशा कागदांवरून इतिहासाची सलग गोष्ट कोणी, कोणत्या काळात, काय मनात धरून रचली. हा प्रश्न कोणत्याही भाषेच्या साहित्याला विचारता येतो. जर्मनीच्या बाबतीत तो अधिक टोकदार होतो, कारण तिथे देश एक होण्याच्या आधी त्या देशाच्या साहित्याचा इतिहास लिहून झाला होता.

जर्मन विद्यापीठांत या विषयाला ‘गेर्मानिस्टिक’ म्हणतात आणि त्याचे सहसा तीन भाग असतात : भाषाविज्ञान, जुने साहित्य आणि नवे साहित्य. ‘जुने’ म्हणजे साधारण आठव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्या-सोळाव्या शतकापर्यंतचे. त्यापुढचे सारे ‘नवे’. पदवीचा अभ्यासक्रम बहुधा ६ सत्रांचा असतो आणि पहिल्या वर्षी तिन्ही भागांचे प्रास्ताविक वर्ग करावेच लागतात. हा जर्मन भाषा शिकण्याचा वर्ग नव्हे, ती येते असे गृहीत धरूनच सुरुवात होते. तरीही जुन्या साहित्याच्या पहिल्या तासाला एक गंमत होते. त्या काळची भाषा आजच्या जर्मन माणसालाही परकी असल्यामुळे म्युनिकमध्ये वाढलेला विद्यार्थी आणि पुण्याहून गेलेली विद्यार्थिनी, दोघेही मथियास लेक्सरचा मध्ययुगीन जर्मनचा छोटा कोश उघडून सारख्याच हताशपणे पाने उलटत बसतात.

त्या वर्गात हमखास वाचली जाणारी एक ओळ जवळून पाहू. इ.स. १२०० च्या सुमारास रचल्या गेलेल्या ‘निबेलुंगेनलीड’ या महाकाव्याची सुरुवात अशी आहे : ‘उन्स इस्ट इन आल्टेन मेरेन वुन्डर्स फिल गेझाइट, फॉन हेल्डेन लोबेबेरेन, फॉन ग्रोसेर आरेबाइट.’ जुन्या कथांतून आम्हांला पुष्कळ अद्भुत सांगितले गेले आहे, कीर्तिवंत वीरांविषयी, मोठ्या ‘आरेबाइट’विषयी. हा शेवटचा शब्द म्हणजे आजचा ‘आर्बाइट’, आणि आज त्याचा अर्थ काम, नोकरी. नवखा विद्यार्थी ‘वीरांच्या मोठ्या कामाविषयी’ असे भाषांतर करतो आणि फसतो, कारण तेव्हा त्या शब्दाचा अर्थ हालअपेष्टा, संकट, यातना असा होता. ज्ञानेश्वरी वाचताना ‘नावेक’ या शब्दाला आपण असेच फसतो. त्याचा नावाशीही संबंध नाही आणि नावेशीही नाही, त्याचा अर्थ ‘क्षणभर’. तशीच आजची ‘होखत्साइट’ म्हणजे लग्न, पण तेव्हाची ‘होखगेत्सीत’ म्हणजे कोणताही थाटाचा उत्सव. अनोळखी शब्दाला माणूस कोश उघडतो; ओळखीचा शब्द मात्र बेमालूम दगा देतो, आणि म्हणून या वर्गात आधी ओळखीच्या शब्दांवर संशय घ्यायला शिकवतात.

याच ओळीत आणखी एक गुंता आहे. हे महाकाव्य विस्मरणात गेले होते; १७५५ मध्ये याकोब हेरमान ओबेराइट नावाच्या एका वैद्याला त्याचे एक हस्तलिखित होहेनएम्स येथील ग्रंथसंग्रहात सापडले आणि तिथून त्याचा दुसरा जन्म सुरू झाला. आज त्याची तिसांहून अधिक हस्तलिखिते आणि त्रुटित पाने उपलब्ध आहेत, त्यांतली तेराव्या शतकातली तीन महत्त्वाची, आणि त्यांना ए, बी, सी अशी अक्षरे दिलेली आहेत. ज्या कडव्याने हे काव्य सुरू होते असे प्रत्येक शाळकरी मुलाला वाटते, ते कडवे बी या हस्तलिखितात मुळीच नाही. मात्र पुढे संपादकांनी बहुतांशी बीचाच आधार घेतला आणि ते प्रसिद्ध कडवे दुसरीकडून आणून त्याच्या माथ्यावर बसवले. आपण जे ‘मूळ’ म्हणून वाचतो ते अशा निर्णयांतून तयार झालेले असते.

हे निर्णय कसे घ्यावेत याची शिस्त कार्ल लाखमान (१७९३–१८५१) या विद्वानाच्या नावाशी जोडली जाते. लॅटिन-ग्रीक ग्रंथांसाठी घडत असलेली पाठचिकित्सेची पद्धत त्याने जुन्या जर्मन काव्यांना लावली आणि १८२६ मध्ये ‘निबेलुंगेनलीड’ची आवृत्ती काढली. त्या पद्धतीचे मर्म परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या कोणाही शिक्षकाला लगेच कळेल. दोन उत्तरपत्रिकांत एकच बरोबर उत्तर असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण दोघांनीही एकच विचित्र चूक, त्याच शब्दात, त्याच जागी केली असेल तर एकाने दुसऱ्याचे पाहिले किंवा दोघांनी तिसऱ्याचे पाहिले. नकलून घेणाऱ्या लेखनिकांच्या समान चुका गोळा करून हस्तलिखितांची वंशावळ मांडायची आणि त्या वंशावळीवरून हरवलेल्या पूर्वजाच्या जितके जवळ जाता येईल तितके जायचे, अशी ही रीत.

मराठी वाचकाला ही रीत वाटते तितकी लांबची नाही. बर्लिनमध्ये हाइनरिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली शिकलेले विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक होते. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. देशोदेशींची हस्तलिखिते मिळवून, प्रांतवार त्यांचे गट पाडून, पाठभेद तळटीपांत नोंदवण्याची त्यांची पद्धत याच परंपरेतून आली, आणि तिच्या मर्यादांची सुकथनकरांना पुरती जाणीव होती. जे काव्य गायले जात होते, सांगितले जात होते, ज्यात प्रत्येक पिढीने भर घातली, त्याला एकच मूळ प्रत कधी होती का, हा आक्षेप महाभारताला जसा लागू आहे तसा ‘निबेलुंगेनलीड’लाही. गेल्या काही दशकांत जर्मन अभ्यासकांचा कल प्रत्येक हस्तलिखिताला स्वतंत्र साक्षीदार मानण्याकडे झुकला आहे. मला हा बदल रास्त वाटतो, पण लाखमानची पद्धत एकदा हात मळवून शिकल्याशिवाय तिच्यावरचा आक्षेपही नीट समजत नाही.

जुन्या साहित्यातला एक मजकूर भारतीय विद्यार्थ्यासाठी मुद्दाम थांबण्याजोगा आहे. १८४१ मध्ये गेओर्ग वाइट्स या इतिहासकाराला मेर्सेबुर्गच्या कॅथीड्रलच्या ग्रंथालयात एका धार्मिक हस्तलिखिताच्या मोकळ्या पानावर दहाव्या शतकात उतरवलेले दोन मंत्र सापडले. पुढच्याच वर्षी याकोब ग्रिम यांनी ते विद्वानांपुढे मांडले. त्यांतल्या दुसऱ्या मंत्रात देव रानातून जात असताना बाल्डर देवाच्या घोड्याचा पाय मुरगळतो, देवता त्यावर मंत्र म्हणतात, आणि शेवटी वोडान म्हणतो : ‘बेन त्सी बेना, ब्लुओत त्सी ब्लुओदा, लिद त्सी गेलिदेन’, म्हणजे हाड हाडाला, रक्त रक्ताला, सांधा सांध्याला, जणू चिकटवल्यासारखे होवो. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातल्या बाराव्या सूक्तात, मोडलेले अंग सांधण्यासाठी, असेच येते : ‘मज्जा मज्ज्ञा सं धीयतां चर्मणा चर्म रोहतु।’ आडाल्बर्ट कून यांनी एकोणिसाव्या शतकात हे साम्य दाखवून दिले आणि तेव्हापासून वाद चालू आहे : हा एका समान पूर्वजाचा वारसा आहे, की दुखऱ्या पायापुढे बसलेला कोणताही माणूस साहजिकच असे बोलेल? सेमिनारमध्ये याचे उत्तर देण्यापेक्षा, कोणत्या पुराव्याने कोणते उत्तर बळकट होईल हे मांडायला सांगतात.

आता हा विषयच कसा जन्माला आला ते पाहिले पाहिजे, कारण तो इतिहास अभ्यासक्रमाचाच भाग आहे. बर्लिनच्या नव्या विद्यापीठात १८१० मध्ये फ्रीडरिख हाइनरिख फॉन डेर हागेन यांची जर्मन भाषा व साहित्यासाठी नेमणूक झाली तेव्हा नेपोलियनच्या सैन्याने जर्मन प्रदेश व्यापलेले होते. पुढे १८१५ नंतरही जर्मनी म्हणजे तीन डझनांहून अधिक राज्यांचा सैल संघ होता. ज्यांना एक राष्ट्र हवे होते त्यांच्याकडे समान राजा नव्हता, समान कायदा नव्हता. होती ती भाषा आणि तिच्यातले ग्रंथ. ग्रिम बंधूंना जग परीकथांमुळे ओळखते, परंतु त्यांनी १८३८ मध्ये हाती घेतलेला जर्मन शब्दकोश, जो त्यांच्या मृत्यूनंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये पुरा झाला, तोही याच आकांक्षेतून आला. १८३७ मध्ये हानोफरच्या राजाने राज्यघटना रद्द केली तेव्हा निषेध नोंदवून नोकरी गमावणाऱ्या ग्योटिंगेनच्या सात प्राध्यापकांत दोघे ग्रिम बंधू होते, आणि तिसरा होता गेओर्ग गॉटफ्रीड गेर्विनुस.

या गेर्विनुसने १८३५ ते १८४२ या काळात पाच खंडांत जर्मनांच्या काव्यसाहित्याचा राष्ट्रीय इतिहास लिहिला. त्याने केवळ ग्रंथ ओळीने मांडले नाहीत, त्यांना कथानक दिले : साहित्य वाढत वाढत गटे आणि शिलर या वाइमार गावी लिहिणाऱ्या दोन लेखकांपाशी शिखराला पोचले, आता कलेचे काम झाले, पुढचे काम राजकारणाचे. एकत्रित जर्मनी अस्तित्वात आला १८७१ मध्ये, म्हणजे कथानक आधी आणि नायक नंतर. वाइमारमधली ती दोन-अडीच दशके म्हणजे जर्मन साहित्याचा कळस, हे आजही शाळेत जे सहज बोलले जाते, त्यामागे या मांडणीचा मोठा वाटा आहे. १८८३ मध्ये विल्हेल्म शेररने तर ६००, १२०० आणि १८०० अशी सहाशे-सहाशे वर्षांनी येणारी बहराची चक्रेच काढून दाखवली. ६०० च्या सुमाराचा एकही जर्मन ग्रंथ हाती नसताना तिथे बहर कल्पिणे हे धाडसच म्हणायचे.

अशा कथानकात शिखर ठरले की दऱ्याही ठरतात. तीस वर्षांच्या युद्धाच्या (१६१८–१६४८) होरपळीतून आलेले ग्रिफियुसचे सुनीतकाव्य किंवा ग्रिमेल्सहाउझेनची १६६८ ची ‘सिम्प्लिसिसिमुस’ ही कादंबरी दीर्घकाळ बाजूला पडल्या, कारण त्या शतकाला पडझडीचे शतक ठरवले गेले होते. त्या काळाला ‘बारोक’ हे नाव विसाव्या शतकाच्या आरंभी कलेतिहासातून उसने आणले गेले, तेव्हा कुठे त्याच्याकडे पुन्हा आदराने पाहिले जाऊ लागले.

कालखंडांची नावे पहिल्या वर्षी सगळ्यांना पाठ करावी लागतात : बारोक, प्रबोधन, ‘स्टुर्म उंड ड्रांग’, वाइमारचा अभिजात काळ, रोमँटिक, ‘फोरमेर्त्स’, वास्तववाद, निसर्गवाद, अभिव्यक्तिवाद, निर्वासितांचे साहित्य आणि १९४५ नंतरचे साहित्य. त्यांच्यावर बोट ठेवून कुळी विचारली की ती एकाही मापाने मोजलेली नाहीत हे दिसते. ‘स्टुर्म उंड ड्रांग’ हे नाव क्लिंगर या लेखकाच्या १७७६ च्या नाटकावरून आलेले, वाइमार हे गावाचे, ‘फोरमेर्त्स’ हे मार्च १८४८ च्या क्रांतीच्या ‘आधीचे’ एवढाच अर्थ असलेले, आणि ‘निर्वासितांचे’ हे राजकीय आपत्तीने दिलेले. आपल्याकडे ‘संत, पंत, तंत’ हे तीन कप्पे असेच सोयीचे आहेत; ते नसते तर शिकवता आले नसते, आणि ते आहेत म्हणून कप्प्यात न बसणारे पुष्कळ काही डोळ्यांआड होते.

कप्प्यात न बसणारे म्हणजे काय, यासाठी गेओर्ग ब्युखनरच्या ‘वॉइत्सेक’ या नाटकाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. ब्युखनर १८१३ मध्ये हेसेन प्रांतात जन्मला, वैद्यक शिकला, शेतकऱ्यांना चिथावणारे पत्रक १८३४ मध्ये छापल्यामुळे त्याला पळून जावे लागले, एका माशाच्या मज्जासंस्थेवर प्रबंध लिहून त्याने झुरिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि फेब्रुवारी १८३७ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, टायफसने तो गेला. त्याच्या कागदांत एक नाटक अपुरे राहिले. लाइपझिगमध्ये प्रेयसीचा खून केलेल्या आणि १८२४ मध्ये जाहीररीत्या शिरच्छेद झालेल्या योहान क्रिस्टियान वॉइत्सेक नावाच्या माणसाच्या खटल्यावर ते बेतलेले आहे. त्या खटल्यात आरोपी भानावर होता का, यावर डॉक्टरी अहवाल लिहिले गेले होते आणि वैद्यक शिकलेल्या ब्युखनरने ते वाचले होते. गरिबीने, हुकुमांनी आणि एका डॉक्टरच्या प्रयोगांनी पिळवटलेला साधा शिपाई या नाटकाच्या केंद्रस्थानी आहे.

हाती आले ते असे : एकमेकांवर चढलेले मसुदे, घाईचे बारीक अक्षर, फिकट पडलेली शाई, अंकांचे आकडे नाहीत, प्रवेशांना क्रमांक नाहीत, शेवट नाही. १८५० मध्ये ब्युखनरच्या भावाने त्याचे उर्वरित लेखन छापले तेव्हा हे नाटक त्याने वगळले. १८७० नंतर कार्ल एमिल फ्रान्त्सोस या संपादकाने रसायने लावून ती शाई वर आणली, अक्षरे लावली, प्रवेशांचा क्रम स्वतःच ठरवला आणि १८७९ च्या ब्युखनर-संग्रहात ते नाटक घातले. नायकाचे नाव त्याने ‘वोत्सेक’ असे वाचले. ती चूक पुढे दुरुस्त झाली, पण तोवर आल्बान बेर्ग या संगीतकाराने फ्रान्त्सोसच्या पाठाच्या आधारे ऑपेरा रचायला घेतला होता, आणि १९२५ मध्ये बर्लिनमध्ये रंगभूमीवर आलेल्या त्या ऑपेराचे नाव आजही ‘वोत्सेक’च आहे. नाटकाचा पहिला प्रयोग झाला १९१३ मध्ये, म्युनिकला.

आता हे नाटक इतिहासात कोणत्या पानावर ठेवायचे? १८३६-३७ मध्ये लिहिले म्हणून ‘फोरमेर्त्स’मध्ये ठेवले तर तेव्हाच्या एकाही वाचकाने ते वाचलेले नव्हते. १८७९ धरले तर ते निसर्गवाद्यांच्या शेजारी येते, आणि त्यांच्यातल्या गेरहार्ट हाउप्टमान या नाटककाराने ब्युखनरकडून उघडच घेतलेही आहे. १९१३ धरले तर ते अभिव्यक्तिवाद्यांचे समकालीन होते, आणि त्या पिढीला ते तसेच वाटले. लेखनाचा काळ, छपाईचा काळ आणि परिणामाचा काळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचून कोणाच्या लक्षात राहत नाही. वॉइत्सेकचे कागद पाहिल्यावर राहते. काफ्का या कादंबरीकाराचेही तसेच : १९२४ मध्ये तो गेला तेव्हा तिन्ही कादंबऱ्या अप्रकाशित होत्या, आणि त्याचा मित्र माक्स ब्रोड याने त्या जाळून टाकण्याची त्याची सूचना धुडकावून १९२५ ते १९२७ मध्ये छापल्या.

कोणते ग्रंथ ‘वाचलेच पाहिजेत’ हे कसे ठरते, यालाही पैशाची आणि कायद्याची बाजू आहे. जर्मन राज्यांतल्या नियमानुसार ९ नोव्हेंबर १८३७ पूर्वी निधन पावलेल्या लेखकांच्या ग्रंथांवरचा हक्क ९ नोव्हेंबर १८६७ रोजी संपला. गटे, शिलर, लेसिंग एका दिवसात कोणालाही छापायला मोकळे झाले. लाइपझिगच्या रेक्लाम प्रकाशनाने लगोलग स्वस्त पुस्तिकांची माला काढली. क्रमांक १ होता गटेचा ‘फाउस्ट’, पहिला भाग. ती माला आजही चालू आहे, १९७० पासून तिची मुखपृष्ठे पिवळी आहेत, आणि जर्मन विद्यार्थ्याच्या खिशात मावणारे ते पिवळे पुस्तक म्हणजे शालेय साहित्याची ओळखखूणच झाली आहे. याच्या उलट बाजूला सोफी फॉन ला रोश ही लेखिका आहे. तिची १७७१ ची पत्रकादंबरी खूप वाचली गेली, पण ती तिच्या नावाने छापलेली नव्हती. संपादक म्हणून वीलांड या लेखकाचे नाव होते. तीन वर्षांनी गटेची ‘वेर्टर’ आली आणि पत्रकादंबरी म्हटले की तीच आठवू लागली. स्त्रियांचे लेखन इतिहासात परत आणण्याचे काम मुख्यतः १९७० नंतरचे आहे.

‘जर्मन’ म्हणजे कोणाचे, हाही प्रश्न सुटलेला नाही. काफ्का प्रागचा. कवी पाउल सेलान १९२० मध्ये चेर्नोव्हित्स येथे जन्मला, जे तेव्हा रुमानियात होते आणि आज युक्रेनमध्ये आहे; आईवडील नाझींच्या छावणीत गेले, आणि तो पॅरिसमध्ये राहून त्यांच्याच जर्मन भाषेत कविता लिहीत राहिला. २००९ चे नोबेल मिळालेली हेर्टा म्युलर रुमानियातली. तुर्कस्तानात जन्मलेली आणि १९६५ मध्ये कामगार म्हणून बर्लिनला आलेली एमिने सेवगी ओझदामार हिला २०२२ मध्ये ब्युखनरच्याच नावाचा, जर्मन भाषेतला सर्वांत मानाचा पुरस्कार मिळाला. म्हणून अनेक जण ‘जर्मन साहित्य’ऐवजी ‘जर्मन भाषेतील साहित्य’ असे म्हणतात. तंजावर, बडोदा आणि इंदूर येथे लिहिले गेलेले मराठी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा फरक फोड करून सांगावा लागणार नाही.

राष्ट्राची कथा सांगणाऱ्या विद्येला १९३३ मध्ये हिशेब द्यावा लागला. त्या वर्षी १० मे रोजी बर्लिनसह अनेक विद्यापीठांच्या गावी विद्यार्थ्यांनी पुस्तके जाळली. बॉनच्या होळीपुढे भाषण करणारे हान्स नाउमान हे जुन्या जर्मन साहित्याचे नामवंत प्राध्यापक होते. युद्धानंतर बहुतेकांनी मौन धरले आणि ‘फक्त कलाकृती पाहा, बाकी काही नको’ अशी वाचनपद्धती लोकप्रिय झाली, जी सोयीचीही होती. १९६६ मध्ये म्युनिकच्या अधिवेशनात या विषयाच्या भूतकाळावर उघड चर्चा झाली. तरी सर्वांत विलक्षण प्रकरण १९९५ मध्ये बाहेर आले. आखेनच्या तंत्रविद्यापीठाचे माजी कुलगुरू आणि उदारमतवादी समजले जाणारे प्राध्यापक हान्स श्वेर्टे हे मुळात एसएस या नाझी संघटनेचे अधिकारी हान्स एर्न्स्ट श्नाइडर निघाले; १९४५ मध्ये त्यांनी नाव बदलले, पत्नीने पहिल्या नावाच्या नवऱ्याला मृत घोषित करून घेतले आणि नव्या नावाच्या त्याच माणसाशी पुन्हा लग्न केले, आणि श्वेर्टे यांनी डॉक्टरेटही नव्याने मिळवली. ‘फाउस्ट’ या पात्राला राष्ट्रवाद्यांनी कसे वापरले, यावर त्यांनी लिहिलेले १९६२ चे पुस्तक पुढेही संदर्भासाठी वापरले गेले. ते पुस्तक आता कसे वाचायचे, यावर सेमिनारमध्ये एकमत झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही. पूर्व जर्मनीतही १९९० पर्यंत एक वेगळाच इतिहास शिकवला जात होता, ज्यात कवी हाइने आणि ब्युखनर पुढच्या रांगेत होते, तर काफ्काला प्रवेश मिळायला झगडावे लागले.

प्रत्यक्ष वर्गाची रीत थोडक्यात अशी. ‘फोरलेझुंग’मध्ये प्राध्यापक बोलतात आणि बाकीचे ऐकतात, ‘सेमिनार’मध्ये विद्यार्थी बोलतो, एखाद्या विषयावर तोंडी ‘रेफेराट’ देतो आणि सत्र संपल्यावर ‘हाउसआर्बाइट’ लिहितो, म्हणजे सुरुवातीला साधारण १२ ते १५ पानांचा निबंध. नवख्या विद्यार्थ्याची नेहमीची चूक म्हणजे ‘ब्रेख्त यांची नाटके’ असा विषय घेणे. विषय इतका अरुंद हवा की तो पंधरा पानांत खरोखर संपेल. मराठी विद्यार्थ्याला इथे एक आयती वाट आहे. ब्रेख्तच्या १९२८ च्या संगीत नाटकावरून, जे स्वतःच जॉन गे या इंग्रज लेखकाच्या १७२८ च्या नाटकावर बेतलेले होते, पु. ल. देशपांडे यांनी १९७८ मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. लंडनचे बर्लिन आणि बर्लिनचे मराठी करताना त्यातल्या एकाच गाण्याचे काय झाले, एवढा प्रश्न पंधरा पानांना पुरून उरेल, आणि मराठी येणारा विद्यार्थी त्या वर्गात बहुधा एकटाच असेल.

ज्यांना जायचे आहे त्यांनी दोन गोष्टी आधीच पाहाव्यात. बहुतेक विद्यापीठे प्रवेशासाठी सी-१ या वरच्या पातळीच्या आसपासची जर्मन मागतात. पुणे आणि मुंबई येथील विद्यापीठांचे जर्मन विभाग आणि मॅक्स म्युलर भवन येथून तिथवर पोचता येते, पण त्याला काही वर्षे द्यावी लागतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, दर सत्राचे वर्गणीवजा शुल्क असते; बाडेन-वुर्टेम्बेर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून दर सत्राला १५०० युरो घेतले जातात.

आणि जायचे की नाही हे ठरण्याआधीच घरबसल्या चव पाहायची असेल, तर ‘वॉइत्सेक’च्या दोन निरनिराळ्या संपादकांच्या आवृत्त्या, मूळ नाही तर अनुवाद, शेजारी ठेवाव्यात. एकीत नाटक उघडते तेव्हा वॉइत्सेक आपल्या कॅप्टनची दाढी करत असेल. दुसरीत तो गावाबाहेरच्या उघड्या शेतात आंद्रेससोबत झुडपांच्या काठ्या तोडत असेल आणि त्याला जमिनीखालून आवाज ऐकू येत असतील. पहिल्या नाटकाचा विषय नोकर आणि धनी, दुसऱ्याचा भ्रम आणि भीती. ब्युखनरने यांतले कोणते आधी ठेवले असते, हे त्याच्या कागदांवरून ठरवून पाहावे.